एक नदी पलीकडे

2021च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने वीस-बावीस रानहत्ती गडचिरोली जिल्ह्यात शिरले, तेव्हा धान निसवून दाणा भरत आला होता. त्याआधी हत्ती म्हणजे आमच्याकडे कमलापूरच्या कॅम्पातले, वनखात्याचे, माहुताचं ऐकणारे. हे निराळे होते. धानोऱ्याकडून आत आले, कुरखेडा, वडसा, आरमोरी या तालुक्यांत जात-येत राहिले आणि शेवटी इथेच रमले. उभं धान तुडवलं, मोहाच्या वासानं घरांच्या भिंती पाडल्या, माणसंही दगावली. चहाच्या टपरीवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. हे इकडे आलेच कशाला? कुणी म्हणे खाणींनी हाकललं, कुणी म्हणे आपला तांदूळ गोड लागला. एकानं तर ठासून सांगितलं, की कुणीतरी रातोरात ट्रकनं आणून सोडलेत.

खरी हकिगत ट्रकच्या गोष्टीपेक्षा बरीच संथ आहे. झारखंड आणि ओडिशातले कळप 1980च्या दशकाच्या अखेरीपासून छत्तीसगडच्या सरगुजा-रायगड भागात उतरू लागले. तिकडचं जंगल खाणींनी आणि रस्त्यांनी तुटत गेलं होतं. एका पावसाळ्यात एक खोरं, चारा कमी पडला की शेजारचं खोरं, असं करत पस्तीसेक वर्षांत ते दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकत आले. मूळ कळप ज्या रानातून निघाले ते रान आजच्या पिल्लांनी पाहिलेलंही नाही. महाराष्ट्रात जायचं असं कुठल्याच हत्तिणीनं कधी ठरवलं नसणार. तिला फक्त पुढच्या ओढ्याचं पाणी ठाऊक होतं.

मला या हत्तींमुळे शाळेतला एक नकाशा नव्यानं वाचता आला. इतिहासाच्या वर्गात भिंतीवर असतो तो, आदिमानवाच्या प्रवासाचा: आफ्रिकेच्या पोटातून एक लाल बाण निघतो, अरबस्तानावरून वळसा घेतो, हिंदुस्थानात घुसतो आणि थेट ऑस्ट्रेलियाला जाऊन टेकतो. मुलं विचारतात, सर, त्यांना रस्ता कुणी सांगितला? प्रश्न बाणातून येतो. बाणाला टोक असतं, आणि टोक असलं की कुणीतरी नेम धरला असेल असं वाटतं.

थोडा हिशोब करून बघू. पूर्व आफ्रिकेपासून वैनगंगेपर्यंत जमिनीवरून, वळणावळणानं, सहा-सात हजार किलोमीटर धरू. माणसांच्या एका टोळीचा मुक्काम वर्षाला सरासरी एक किलोमीटर पुढे सरकला तरी सहा-सात हजार वर्षांत ती वैनगंगेच्या काठी पोचते. एका पिढीच्या वाट्याला पंचवीस किलोमीटर, म्हणजे आरमोरीहून वडसा जेवढं आहे त्याहून थोडंच जास्त. आजीनं ज्या डोहात मासे धरले तो डोह नातवाला डोंगरावरून दिसतो, एवढंच अंतर. ज्यांनी अर्धं जग व्यापलं त्यांच्यातल्या कुणालाही आयुष्यात आपण कुठे निघालो आहोत असं वाटलं नसेल. आणि सरासरी ही तर लबाड गोष्ट. काही टोळ्या शंभर वर्षं एकाच खोऱ्यात थांबल्या असतील, काही मागे फिरल्या असतील, काही जागीच संपल्या. संपलेल्यांचा बाण कुणी काढत नाही.

शिवाय बाण एकच नव्हता. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हातकुऱ्हाडी सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचं शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011मध्ये मांडलं. त्या घडवणारी माणसं आपल्यासारखी नव्हती. आपली जात तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला 5 डिसेंबर 1982 रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा तुकडा सापडला, तोही अशाच कुणा आधीच्या माणसाचा. आरमोरीहून हथनोरा सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. आपण, म्हणजे आपल्या जातीची माणसं, या मुलखात शिरलो तेव्हा तो कोरा नव्हता. आपल्याआधी इथे लाखो वर्षं कुणीतरी राहून गेलं होतं. नवं बिऱ्हाड जुन्याला कुठे भेटलं की जुनं आधीच उठून गेलं होतं, हे कुठल्याच दगडावर लिहिलेलं नाही.

दगडाचं मात्र लिहायला हवं, कारण आमच्या भागाची खरी गंमत तिथे आहे. नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या लाव्हाची. तिथून पश्चिमेला मुंबईपर्यंत सगळा मुलूख त्याच काळ्या पाषाणाचा, पूर्वेला निघालात की तो लाव्हा संपत जातो. वैनगंगा ओलांडून आरमोरीला आलात की पायाखाली निराळी, कितीतरी जुनी जमीन असते: पट्टेदार नीस, ग्रॅनाइट, त्यांच्या भेगांतून निघालेली पांढरी गारगोटी, वर जांभ्याचा लाल थर. नदीच्या रेतीत गारगोटीच जास्त. मधूनच एखादा अकीकाचा लालसर गोटा हाती लागतो, तो नदीनंच वरून, सिवनीकडच्या लाव्हाच्या मुलखातून आणलेला.

महाराष्ट्रातल्या अश्मयुगाची कहाणी बहुतेक त्या काळ्या मुलखातच लिहिली गेली. 1865 साली वीन या भूवैज्ञानिकाला पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या जुन्या गाळात अकीकाचा एक घडवलेला छिलका मिळाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी 1954पासून नेवाशाला प्रवरेचा काठ उकरला आणि आपल्या नद्यांच्या गाळात केवढा जुना माणूस दडला आहे हे दिसलं. तिथल्या कारागिराला त्या काळ्या पाषाणाची, बेसाल्टची सवय. बेसाल्टच्या मोठ्या गोट्यावर घाव घातला की रुंद छिलका निघतो, त्याची चांगली वजनदार फरशी कुऱ्हाड घडते. आता याच सवयीचा हात पूर्वेकडे वैनगंगेपर्यंत आला असं समजा. इथे तो काळा गोटा नाही. गारगोटीवर घाव घातला तर ती वेडीवाकडी फुटते, कपच्या उडतात, धार येते पण आकार ऐकत नाही. क्वार्टझाइट ऐकतो, पण त्याला जोर जास्त लागतो, आणि तो नेमका कुठल्या नाल्यात आहे हे आधी माहीत हवं.

बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणं असं आपण पुस्तकात वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर हिमयुग येतं, केसाळ हत्ती येतात. मला वाटतं, जुळवून घेणं आधी मनगटात झालं. शेजारच्या खोऱ्यात दगड निराळा वाजतो, मग घाव घालायचा कोन बदलायचा. बापाच्या हाताला जे कधी शिकावं लागलं नाही ते पोराच्या हाताला शिकावं लागलं. चंद्रपूर शहराला लागून जुनोन्याच्या बाजूला पापामियाँ टेकडी आहे. तिथे अश्मयुगाच्या अनेक टप्प्यांतली हत्यारं मिळाली आहेत, जड हत्यारांपासून नखाएवढ्या पात्यांपर्यंत. एकाच टेकडीवर माणूस पुन्हा पुन्हा का येत राहिला, याचं उत्तर पाणी आणि दगड दोन्ही हाताशी, इतकं साधं असावं. त्या टेकडीच्या अंगावर आता शहर चढत चाललं आहे. (आमच्या वैरागडला हिऱ्यांची खाण होती, अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत तिची नोंद केली आहे, त्यामुळे इथला दगड म्हटलं की सगळ्यांना हिराच आठवतो. हिऱ्याची धार कधी कुणाच्या पोटापाण्याला आली असेल असं वाटत नाही.)

मग हवामान. ते बदललं, आणि आपल्या कल्पनेपेक्षा जास्त वेळा बदललं. सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी फुटला. त्याची राख भारतभरच्या नद्यांच्या गाळात सापडते. एके काळी असं मानत, की त्या राखेनं इथली माणसं पुसून टाकली असतील. आंध्रात तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यात ज्वालापुरम इथे रवी कोरीशेट्टर, मायकेल पेट्राग्लिया आणि त्यांच्या गटानं 2007मध्ये दाखवलं, की राखेच्या खाली आणि राखेच्या वर हत्यारांची धाटणी जवळजवळ सारखीच आहे. म्हणजे आभाळातून राख पडली, झाडोरा करपला असेल, पाणी खराब झालं असेल, आणि तरीही काही काळानं तिथेच कुणीतरी पुन्हा त्याच रीतीनं दगड फोडत बसलं होतं.

त्याहून मोठा फरक सुमारे 20 हजार वर्षांपूर्वीचा. उत्तरेकडे बर्फ साचलेला, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेलेला, आणि आपला पावसाळा अशक्त. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा खुरट्या गवताचा होता. याचा पुरावा चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला आहे. पाटणं म्हटलं की आपल्याला भास्कराचार्य आठवतात, पण शं. अ. साळींनी 1970च्या दशकात तिथे खणलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि एका तुकड्यावर तर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी. काळ सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! आणि त्याच्या अंड्याला भोक पाडून गळ्यात घालण्याइतकी सवड असलेला माणूस. दुष्काळी काळात माणसं नुसती तगून होती असं म्हणणाऱ्यांनी तो मणी एकदा बघावा.

शहामृग उघड्या माळाचा पक्षी. माळ वाढले म्हणजे रान आकसलं. ते आकसून कुठे राहिलं असेल? इथे मला बडोद्याच्या बेंडापुडी सुब्बाराव यांच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. 1950च्या दशकात त्यांनी ‘द पर्सनॅलिटी ऑफ इंडिया’ या पुस्तकात भारताचे तीन प्रकारचे मुलूख सांगितले: माणसांना खेचून घेणारे सुपीक पट्टे, अर्धवट एकटे पडलेले भाग, आणि पूर्ण एकटे पडलेले डोंगर-जंगलांचे भाग. मध्य भारताचा हा झाडीमुलूख तिसऱ्या खान्यात जातो. मोठं, बुद्धीला चालना देणारं पुस्तक आहे आणि शेती-राज्यांच्या काळासाठी ती मांडणी पटते. पण ती मांडणी गंगेकाठी उभं राहून केलेली आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, माळ भेगाळलेले असताना, ज्या खोऱ्यात बारमाही डोह होते आणि ओढ्याकाठी झाडं होती, ते खोरं एकटं पडलेलं म्हणायचं की वसतीला सगळ्यांत भरवशाचं? आज तीन चतुर्थांश जंगल असलेला हा जिल्हा तेव्हा एवढा दाट नसणारच, पण नदीकाठचा पट्टा तरी उरला असावा. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे. तरी अंदाजाला आधार आहे: अडचणीच्या काळात प्राणी जिथे गोळा होतात तिथेच माणूस गोळा होतो, आणि प्राणी पाण्याला गोळा होतात. ब्रह्मपुरीकडचे तरुण वाघ आजही वैनगंगा पोहून गडचिरोलीच्या बाजूला येतात. जुन्या हद्दी भरल्या की तरुण बाहेर पडतात, नदी आडवी आली तर पोहतात. त्यातून या काठच्या गावांवर काय गुदरतं ते आम्ही दर वर्षी बघतो, पण वाघाला गावाशी देणंघेणं नसतं.

पुढे पावसाळा पुन्हा बळावला. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी हवामान स्थिरावू लागलं, रान पसरलं. याआधीच माणसानं एक चतुर बदल करून ठेवला होता. त्यानं हत्यार लहान केलं. निमाडात मेहताखेडीला शीला मिश्रा यांच्या गटाला सापडलेली सूक्ष्मास्त्रं 45 हजार वर्षांपर्यंत मागे जातात. नखाएवढी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकानं बसवायची. एक तुटलं तर तेवढंच बदलायचं. मला यातली हुशारी धारेपेक्षा ओझ्यात दिसते. जड फरशी घेऊन माणूस दगडाच्या खाणीपासून लांब जाऊ शकत नाही, पण चार गोटे कमरेला बांधले की दगड नसलेल्या मुलखातही महिनाभर फिरता येतं. आमच्या गारगोटीच्या, फुटक्या दगडाच्या मुलखात तर हे वरदानच. मोठा आकार ऐकत नाही ती गारगोटी लहान धारेला पुरते. वैनगंगेच्याच खोऱ्यात, कुही तालुक्यातल्या अडमला अमरेंद्र नाथ यांनी उत्खनन केलं तेव्हा सातवाहनांच्या तटबंदीच्या गावाखाली, सगळ्यांत तळाच्या थरात, ही सूक्ष्मास्त्रंच होती. राजे, नाणी, तट, सगळं नंतर आलं आणि त्याच जागेवर बसलं.

या रानात त्या काळची माणसं काय खात असतील हे विचारायला आमच्याकडे फार लांब जावं लागत नाही, पण जपून विचारावं लागतं. भामरागडच्या माडियांकडे बघून ‘हे बघा आदिमानवाचं चालतंबोलतं रूप’ असं म्हणणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांचा रागच येतो. माडियाच्या पाठीशी जेवढी वर्षं आहेत तेवढीच पुण्याच्या प्राध्यापकाच्या पाठीशी आहेत. त्याच्याकडे लोखंड आहे, भात आहे, मोबाईल आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. रान मात्र बरंचसं तेच आहे, आणि रानाचं पंचांग कुणालाही पाळावंच लागतं. चैत्रात मोह टपकतो, त्याच्यामागून तेंदू आणि चार, पाऊस लागला की बांबूचे वास्ते, वारुळावरच्या सात्या, बांधीत चढणारे मासे. प्रत्येक गोष्ट निराळ्या जागी, निराळ्या आठवड्यात. ज्याला हे ठाऊक त्याला वर्षभर एकाच जागी बसणं परवडत नाही, आणि लांब भटकणंही लागत नाही. हत्तींचा कळपही आता याच पंचांगावर फिरतो.

आरमोरीचं टसर प्रसिद्ध आहे. ते कापडाच्या दुकानात प्रसिद्ध आहे. कोसा येतो तो जंगलातून, ढिवर समाजाच्या कुटुंबांकडून. अळ्या ऐनाच्या झाडांवर सोडतात आणि माणसं खाली झोपडी बांधून मुक्काम करतात. कावळे हाकायचे, मुंग्या रोखायच्या, हातात गुलेर. अळ्यांनी एका झाडाचा पाला संपवला की अळ्यांसकट फांदी छाटून पुढच्या झाडावर नेऊन अडकवायची. अशा एका मुक्कामावर मी एका म्हाताऱ्याला विचारलं, “आजोबा, यंदा जागा बदलली की काय?”

“पाला सरला का अळी सरते,” तो म्हणाला. “अळी सरली का आमी सरतो. त्यात पुसाचा का हाये, मास्तर?”

त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं आणि ते बरोबरच होतं. गावात त्याचं पक्कं घर आहे, रेशनकार्ड आहे, नातू नागपूरला शिकतो. कोशाचा हंगाम संपला की तो जाळं घेऊन गाढवी नदीवर असतो. एकाच माणसात दोन-तीन युगं सुखानं नांदतात, फक्त आपल्या पुस्तकांना ती एकापाठोपाठ एक लागतात. आणि मला वाटतं, पसरत जाणाऱ्या त्या टोळ्यांनाही हेच जमत असावं. नवं आलं म्हणून जुनं टाकायचं नाही. जड फरशी विसरायची नाही, नखाएवढं पातंही घडवायचं. मृग मिळाला तर मृग, नाही तर कंद, नाही तर खेकडा. एकाच गोष्टीवर फार हुशार झालेले प्राणी मुलूख बदलला की अडकतात. शहामृग अडकला.

आता अडचण अशी, की वैनगंगेच्या या काठाला त्यांच्या खुणा शोधायच्या कशा? पश्चिमेकडे माळावर नुसतं चाललं तरी पायाशी छिलके दिसतात. इकडे पानांचा थर, त्याखाली मुरूम, त्यावर पुन्हा धानाच्या बांध्या. 2020च्या ऑगस्ट अखेरीस गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेचा महापूर आला, तेव्हा या पट्ट्यात नदीनं शेतांवर गाळ पसरला आणि काही ठिकाणी काठ सरळ कापून काढला. गाळ झाकतो, कापलेला काठ उघडं करतो. नदी दोन्ही कामं एकाच रात्रीत करते. नदीशिवाय या भागात जमीन खोल उघडी करणारं दुसरं कुणी असेल तर ते रस्त्याचं काम. मुरमाच्या खाणी वाढल्या आहेत, पोकलेन एका दुपारी जेवढं खणतं तेवढं संशोधकाला हंगामभर पुरेल.

अशाच एका मुरमाच्या खाणीवर ट्रॅक्टरवाल्या दोन पोरांना मी वहीच्या पानावर हातकुऱ्हाडीचं चित्र काढून दिलं. थेंबाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी छिललेली, असा दगड दिसला तर तो उचलू नका, जागा लक्षात ठेवा आणि मला फोन करा, असं सांगितलं.

“भेटली तं किती देतात?” एकानं विचारलं.

“पैसे नाही मिळायचे.”

“मंग आमाले का फायदा?”

मी काहीतरी म्हणायला गेलो, इतिहास वगैरे, पण तोवर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. दुसरा पोरगा मात्र थांबला. चित्राकडे बघत त्यानं आपल्या पंजाचं माप धरलं आणि विचारलं, “येवढी का याच्याहून मोठी?”

“तेवढीच,” मी म्हटलं.

“अशे दगड तं आमच्या बोडीच्या पारीवर हायेत,” तो म्हणाला, आणि ट्रॉलीवर चढला.